आडनाव गळून पडते तेव्हा

मागील अंकातील फुटबॉलविषयक टिपणात इतर सर्व खेळाडूंची नावे आडनावांसह छापली होती. पेले यांच्या बाबतीत मात्र ‘पेले’ एवढ्यावरच भागवले होते. हा दुजाभाव एका वाचकांच्या नजरेतून सुटला नाही आणि त्यांनी त्याबद्दल रीतसर विचारणा केली. योगायोगाने आणखी काही पत्रांतही एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तींविषयी शंका होत्या. त्या साऱ्यांचा परामर्श येथे एकत्रच घेत आहोत.

प्रश्न : पेले यांचे आडनाव न छापणे ही संपादकीय हलगर्जी नव्हे काय? आणि ब्राझीलच्या खेळाडूंनाच ही सवलत का?

उत्तर : पेले यांचे नोंदीतले नाव एडसन आरांतेस दो नासिमेंतो असे होते. ते आम्ही छापले असते, तर निम्म्या वाचकांनी हा नवा खेळाडू कोण म्हणून विचारले असते. थॉमस एडिसन यांच्यावरून त्यांचे ‘एडसन’ हे नाव ठेवण्यात आले होते आणि घरातली मंडळी त्यांना ‘दिको’ म्हणत. ‘पेले’ हे शाळेतल्या पोरांनी चिकटवलेले चिडवण्याचे नाव होय. वडिलांच्या संघात बिले नावाचे एक गोलरक्षक होते. लहानग्या एडसनला ते फार आवडत, पण त्यांचे नाव घेताना त्याची जीभ वळत नसे, अशी हकीकत स्वतः पेले यांनी सांगितली आहे. या नावाचा त्यांना इतका संताप येई की, त्यावरून त्यांनी एका वर्गमित्राला ठोसा लगावला आणि शाळेतून काही दिवस घरी बसण्याची शिक्षा ओढवून घेतली. चिडवण्याचे नाव झटकू पाहणाऱ्याला ते अधिकच चिकटते, याचा अनुभव ज्यांनी शाळेत घेतला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मूळ ज्याला काही अर्थच नव्हता, तो शब्द २०२३ मध्ये मिशाएलिस या पोर्तुगीज शब्दकोशात ‘असामान्य, अजोड’ अशा अर्थाचे विशेषण म्हणून दाखल झाला.

ब्राझीलमधील पूर्ण नावात एक-दोन व्यक्तिनामे, त्यानंतर आईकडचे आणि वडिलांकडचे घराणे अशी लांबलचक मालिका असते, आणि सिल्वा, सांतोस, सौझा यांसारखी आडनावे इतक्या घरांत आढळतात की, केवळ आडनावाने माणूस ओळखू येणे कठीण होते. मैदानात चेंडू मागताना तर एवढे नाव घेण्यास सवडही नसते. त्यामुळे पाळण्यातले नाव किंवा टोपणनाव हेच पुढे चालते. गारिंचा यांचे नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. गारिंचा हा एक चिमुकला पक्षी असून ते नाव त्यांच्या बहिणीने ठेवले. काका यांचे नाव रिकार्दो. धाकट्या भावाला ते उच्चारता येईना, म्हणून ‘काका’ झाले. (मराठी कानाला त्यातून भलतेच नाते ऐकू येते, हा भाग निराळा.) राजकारणही याला अपवाद नाही. ब्राझीलचे नेते लुला यांचे ‘लुला’ हे लुईझ या नावाचे लाडके रूप. १९८२ मध्ये निवडणुकीला उभे राहताना लुला यांनी ते कायदेशीरपणे आपल्या नावातच घालून घेतले, कारण लोक ज्या नावाने ओळखतात तेच मतपत्रिकेवर असावे, हा साधा व्यवहार त्यामागे होता.

या पद्धतीतून निर्माण होणारा सर्वांत गमतीचा गुंता ‘रोनाल्डो’ या नावाचा आहे. पोर्तुगीज भाषेत नावाच्या शेवटी ‘आंव’सारखा प्रत्यय लावला की थोरला आणि ‘इन्यो’ लावला की धाकटा, असा अर्थ होतो. १९९४ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलच्या चमूत एक थोराड बचावपटू रोनाल्डोही होते. ते रोनाल्डाव झाले आणि सतरा वर्षांचा नवखा रोनाल्डो हा रोनाल्डिन्यो झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये संघात पुन्हा तिसरेच एक रोनाल्डो असल्यामुळे या मुलाच्या पाठीवर ‘रोनाल्डिन्यो’ हेच नाव कायम राहिले. पुढे तो स्वतःच जगातला पहिल्या क्रमांकाचा रोनाल्डो ठरला आणि त्याच सुमारास दक्षिण ब्राझीलमधून आणखी एक कोवळा रोनाल्डो आला, तेव्हा धाकटेपणाचा प्रत्यय त्याच्याकडे सरकला. आज आपण ज्यांना रोनाल्डिन्यो म्हणतो ते हे. आणि आता नुसते ‘रोनाल्डो’ म्हटले की, बहुसंख्य तरुणांच्या डोळ्यांसमोर पोर्तुगालचे क्रिस्तियानो येतात. एका नावाची मालकी कोणाकडे आहे हे नाव धारण करणारा ठरवत नाही, हाक मारणारे ठरवतात. पुढील बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हीच गोष्ट असल्याचे वाचकांच्या लक्षात येईल.

प्रश्न : एका सामान्यज्ञान स्पर्धेत संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांचे आडनाव विचारले होते आणि ‘थांट’ हे उत्तर बरोबर धरले गेले. दुसऱ्या एका पुस्तकात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांचे पहिले नाव ‘अहमद’ दिले आहे. ही माहिती योग्य आहे का?

उत्तर : दोन्ही ठिकाणी घोटाळा आहे. १९६१ ते १९७१ या काळात सरचिटणीसपद सांभाळणाऱ्या या ब्रह्मी मुत्सद्द्यांचे नाव केवळ थांट एवढेच होते. ‘ऊ’ हा ब्रह्मी भाषेतील आदरार्थी शब्द असून त्याचा मूळ अर्थ काका किंवा मामा असा आहे; वयाने वा मानाने मोठ्या पुरुषाच्या नावाआधी तो लावतात. तरुणपणी त्याच माणसाला ‘माँग’ किंवा ‘को’ असे संबोधन लागते, म्हणजे नाव तेच राहते आणि आधीचा शब्द वयानुसार बदलतो. ब्रह्मदेशात परंपरेने आडनाव ही चीजच नाही. तेव्हा स्पर्धेतला प्रश्नच चुकीचा होता आणि ‘आडनाव नाही’ असे उत्तर कोणा स्पर्धकाने दिले असल्यास त्याचे गुण कापले गेले नसावेत, अशी आशा आहे.

सुकार्नो यांची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. त्यांचे पाळण्यातले नाव कुस्नो. बालपणी ते सतत आजारी पडत, म्हणून जावा बेटावरील समजुतीप्रमाणे त्यांचे नाव बदलण्यात आले आणि वडिलांनी महाभारतातील कर्णाचे नाव निवडून त्याला चांगलेपणाचा ‘सु’ जोडला. ‘सुकर्ण’ याचाच तो जावाई उच्चार होय. जावामध्ये एकाच शब्दाचे नाव अगदी सर्वसाधारण आहे. त्यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तो यांचे नावही एवढेच. परदेशी छापखान्यांना मात्र नुसते एक नाव अपुरे वाटले आणि ‘अहमद’ हे त्यांना बाहेरून चिकटले. त्यांच्या कन्या मेगावती सुकार्नोपुत्री पुढे, २००१ मध्ये, स्वतः अध्यक्ष झाल्या. ‘सुकार्नोपुत्री’ हे आडनाव नव्हे. त्या शब्दाची फोड कोणाही मराठी माणसाला करून सांगण्याची गरज नाही.

आइसलँडमध्ये हीच व्यवस्था अजून रोजच्या व्यवहारात आहे. गायिका ब्योर्क यांच्या पूर्ण नावातील ‘गुडमुंड्सडोट्टिर’ याचा अर्थ ‘गुडमुंडुर यांची मुलगी’ एवढाच असतो. तेथील छापील दूरध्वनी-सूची व्यक्तिनामानुसार लावली जात असे आणि राष्ट्राध्यक्षांचाही उल्लेख व्यक्तिनामानेच होतो. १९८० मध्ये निवडून आलेल्या विग्दिस फिनबोगाडोट्टिर या साऱ्या देशाला विग्दिस म्हणूनच ठाऊक होत्या. तेव्हा ब्योर्क यांनी नावात काही नखरा केला, असा जो समज बाहेरच्या रसिकांत आढळतो, त्याला आधार नाही. त्यांच्या देशातील शेजारीपाजारीही याच रीतीने हाक मारतात.

याच्या नेमकी उलट गंमत बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांच्या वाट्याला आली. त्यांचे नाव आनंद. विश्वनाथन हे वडिलांचे नाव. युरोपात पहिला शब्द हेच व्यक्तिनाम समजून त्याचे लाडिक ‘विशी’ करण्यात आले, म्हणजे प्रेमाने हाक मारणाऱ्यांनी इतकी वर्षे त्यांच्या तीर्थरूपांना हाक मारली.

प्रश्न : चित्रकलेवरील लेखांत कोणी ‘लिओनार्दो’ लिहितात, कोणी ‘दा विंची’. बरोबर काय? जुने चित्रकार एकाच नावाने का ओळखले जातात?

उत्तर : ‘दा विंची’ म्हणजे विंची गावचे. १४५२ मध्ये तेथे जन्मलेल्या या मुलाला आजच्या अर्थाने आडनाव नव्हते. म्हणून कलेचे अभ्यासक ‘लिओनार्दो’ असेच लिहितात आणि आमचाही कल तिकडेच आहे. तथापि, याबाबत कोणी फार सोवळेपणा करू लागले, तर त्यांना काराव्हाज्जो यांची आठवण करून द्यावी. काराव्हाज्जो हेही गावाचेच नाव आहे. या चित्रकारांचे व्यक्तिनाम होते मिकेलांजेलो, आणि ते जन्मले १५७१ मध्ये, म्हणजे त्या नावाच्या महान शिल्पकाराच्या निधनानंतर अवघ्या सात वर्षांनी. ते नाव आधीच कायमचे व्यापलेले होते. त्यामुळे एकाला गावाच्या नावाने ओळखणे अशुद्ध आणि दुसऱ्याला तसेच ओळखणे शुद्ध, अशी परिस्थिती निर्माण झाली असून ती तशीच स्वीकारण्यावाचून इलाज नाही.

बरीचशी इटालियन नावे तर सरळसरळ गल्लीतली टोपणनावे आहेत. बोत्तिचेल्ली म्हणजे छोटे पिंप. तिंतोरेत्तो म्हणजे रंगाऱ्याचा पोर, कारण त्यांचे वडील कापड रंगवण्याचा धंदा करीत. मासाच्चो या नावात गबाळ्या तोम्माझो असा अर्थ दडलेला आहे. ही नावे आज आपण अदबीने उच्चारतो ती केवळ अर्थ ठाऊक नसल्यामुळे.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण एल ग्रेको यांचे वाटते. क्रीट बेटावर जन्मलेले दोमेनिकोस थिओतोकोपुलोस हे स्पेनमधील तोलेदो येथे जाऊन स्थायिक झाले. ते नाव तेथील लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून ते ‘तो ग्रीक’ एवढेच म्हणू लागले. त्यांची चित्रे नीट न्याहाळली तर कोपऱ्यात मात्र ग्रीक अक्षरांत, कोणतीही काटछाट न करता, पूर्ण नाव लिहिलेले दिसते. अवतीभवतीचे लोक एका नावाने हाक मारीत आणि ते आयुष्यभर दुसऱ्याच नावाने सही करीत राहिले. आपल्या हातच्या सहीपेक्षा लोकांची हाक टिकली.

रेम्ब्रांट यांनी उलट मार्ग धरला. आरंभी ते व्यक्तिनाम, वडिलांचे नाव आणि लायडन हे जन्मगाव यांच्या आद्याक्षरांची गुंफण सहीसाठी वापरीत. परंतु तिशीही गाठण्यापूर्वी, १६३३ च्या सुमारास, त्यांनी नुसते ‘रेम्ब्रांट’ लिहिण्यास सुरुवात केली आणि पुढे तेच चालवले. इटलीच्या थोर चित्रकारांच्या पंक्तीत बसण्याची आकांक्षा त्यामागे असावी, असे अभ्यासक मानतात. अर्थात पंगतीत पाट मांडून घेणे आणि वाढणाऱ्याने दखल घेणे यांत अंतर असते. त्यांच्या बाबतीत दोन्ही घडले.

प्रश्न : म्हणजे असे नाव स्वतः ठरवून घेता येत नाही, असे म्हणावयाचे आहे काय?

उत्तर : ठरवता अवश्य येते. फ्रान्स्वा-मारी आरुए हे फ्रेंच लेखक सत्ताधीशांची टवाळी केल्याबद्दल अकरा महिने बास्तीय तुरुंगात होते; १७१८ मध्ये सुटल्यानंतर त्यांनी ‘व्होल्तेर’ हे नाव धारण केले. ‘आरुए धाकटा’ या शब्दांच्या लॅटिन वळणाच्या अक्षरांची उलटापालट करून ते बनवले असावे, असा तर्क केला जातो. त्याच वर्षी त्यांचे पहिले नाटक गाजले आणि ते नाव त्याबरोबर सर्वतोमुखी झाले. फ्रेंच नाटककार मोलियेर यांचे नावही असेच धारण केलेले आहे.

परंतु नाव घेणे जितके सोपे, तितके लोकांकडून काढून घेणे सोपे नाही, हे अमेरिकी गायक प्रिन्स यांना चांगलेच कळले. प्रिन्स हे त्यांचे जन्मनावच होते. ध्वनिमुद्रण कंपनीशी बिनसल्यावर ७ जून १९९३ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी ते टाकून दिले आणि त्याऐवजी स्त्री व पुरुष यांच्या चिन्हांच्या संयोगातून काढलेले एक चित्र नाव म्हणून स्वीकारले. या चित्राला उच्चार नव्हता. वृत्तपत्रांनी ते छापायचे कसे, हा पेच सोडवण्यासाठी कंपनीला त्या एकाच चिन्हाचा टंक भरलेल्या फ्लॉपी डिस्क धाडाव्या लागल्या. तरीही बोलताना काही तरी म्हणावेच लागते. म्हणून लोक ‘पूर्वी प्रिन्स या नावाने ओळखले जाणारे कलावंत’ असे म्हणू लागले, म्हणजे जे नाव पुसायचे होते तेच प्रत्येक उल्लेखात ठळक होत गेले. करार संपल्यावर २००० मध्ये ते मुकाट्याने प्रिन्सवर परतले. उच्चारता न येणारे नाव हाकेला उपयोगी पडत नाही, एवढी साधी गोष्ट या साऱ्या खटाटोपात कोणाच्या लक्षात आली नव्हती, याचे आश्चर्य वाटते.

रोमन सम्राट कालिगुला यांच्या हाती तर सारे साम्राज्य होते. त्यांचे खरे नाव गायस. लहानपणी वडिलांच्या लष्करी छावणीत सैनिकांचा पोशाख घालून हिंडत असल्यामुळे शिपायांनी त्यांना ‘छोटा बूट’ म्हणायला सुरुवात केली आणि कालिगुला या शब्दाचा अर्थ तोच आहे. सम्राट झाल्यावर त्यांना ते ऐकवत नसे. इतिहासाने मात्र शिपायांचेच ऐकले.

याच्या शेजारी क्रांतिकारक चे गेव्हारा यांना ठेवून पाहावे. ‘चे’ हा अर्जेंटिनातील बोलण्यात पदोपदी येणारा उद्गार आहे, आपल्या ‘अरे’ किंवा ‘काय रे’सारखा. क्युबाच्या साथीदारांना त्यांची ही लकब नवीन वाटली आणि एर्नेस्तो हे नाव बाजूला पडून हा उद्गारच त्यांचे नाव झाला. त्यांनी त्याचा राग मानला नाही. पुढे ते क्युबाच्या राष्ट्रीय बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा १९६० च्या नोटांवर त्यांची सही आली ती ‘चे’ एवढ्या तीन रोमन अक्षरांच्या खरडीसह. चलनी नोटेवर ‘अरे’ अशी सही असलेला हा एकमेव बँकप्रमुख असावा, असे गमतीने म्हणता येईल.

प्रश्न : आइन्स्टाइन, डार्विन, शेक्सपिअर हेही एकाच नावाने ओळखले जातात. त्यांचा समावेश या यादीत करावा काय?

उत्तर : आमच्या मते नाही. ती आडनावे आहेत आणि लेखनात पुरुषांचा उल्लेख केवळ आडनावाने करणे ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. तेथे आडनाव शिल्लक राहते; आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत त्यांच्या बाबतीत ते गळून पडते. या दोहोंतील अंतर एकाच माणसात पाहावयाचे असल्यास नेपोलियन यांचे उदाहरण घ्यावे : सेनापती असताना ते बोनापार्त होते आणि १८०४ मध्ये सम्राट झाल्यावर राजांच्या रिवाजाप्रमाणे नुसते नेपोलियन झाले. जपानच्या सम्राटांच्या घराण्याला तर आडनावच नाही, त्यामुळे घराण्याबाहेर विवाह करून जाणाऱ्या राजकन्येला आयुष्यात प्रथमच आडनाव प्राप्त होते.

प्रश्न : आपल्याकडील ‘पुलं’, ‘जीए’ अशी आद्याक्षरांची नावे इतर भाषांत आढळतात का? केशवसुत, कुसुमाग्रज ही नावे कोणत्या प्रकारात मोडतात?

उत्तर : आढळतात, आणि फार सुंदर आढळतात. टिनटिनचे जनक, बेल्जियमचे चित्रकार जॉर्ज रेमी यांनी आपली आद्याक्षरे उलट क्रमाने, आडनावाचे आधी, घेतली आणि ती फ्रेंच उच्चाराने वाचली असता ‘एर्जे’ असे नाव तयार झाले. रोमां द तिर्तोफ या रशियात जन्मलेल्या रेखाकारांनी क्रम न उलटता त्याच युक्तीने ‘एर्ते’ हे नाव सिद्ध केले. फरक इतकाच की, ती त्यांनी स्वतः घडवली. ‘पुलं’ आणि ‘जीए’ ही वाचकांच्या जिभेने घडवली. पु. ल. देशपांडे यांच्या नावातील दोन पूर्णविराम झिजून गेले आणि शेवटी एक अनुस्वार आला. हा अनुस्वार आदराचा आहे, ही बारीक गोष्ट लेखनात बरेचदा निसटते आणि ‘पुल’ असे छापले जाऊन नदी ओलांडण्याची सोय होते.

केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांचे नाव मधून उचलून पुढे आणले. वर ज्या आइसलँडच्या पद्धतीचा उल्लेख केला, तिचे हे थेट मराठी रूप म्हणता येईल. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ, वि. वा. शिरवाडकर यांनी बहिणीच्या नात्यातून आपले नाव घेतले. दोन्ही नावे एकशब्दी असली तरी त्यांत दोन माणसे राहतात. एकनाथांच्या नाममुद्रेतही हेच आहे. ‘एका जनार्दनी’ या सहीत शिष्याच्या नावाशेजारी गुरू जनार्दनस्वामींचे नाव येते आणि ते एकट्याने सही करीतच नाहीत.

प्रश्न : अशा व्यक्तींचा उल्लेख एकेरी करावा की आदरार्थी?

उत्तर : मराठीत ‘एकेरी’ या शब्दाने संख्याही सांगितली जाते आणि सलगीही, त्यामुळे हा प्रश्न येथे विशेष नाजूक होतो. ‘सचिन खेळला’ म्हणताना कोणाला अनादर जाणवत नाही आणि ‘तुका म्हणे’ यातील एकेरी तर आपण हात जोडूनच म्हणतो. आमचा पाळण्याचा नियम असा : माणूस कामात रंगलेला दाखवताना एकेरी चालते, त्याच्या आयुष्याविषयी लिहिताना आदरार्थी बरे. म्हणून ‘पेलेने चेंडू छातीवर घेतला’, पण ‘पेले यांचे २०२२ मध्ये निधन झाले’. याच सदरात वर रोनाल्डोच्या बाबतीत आम्ही अर्ध्या वाटेवर एकेरीत शिरलो आहोत, हे चाणाक्ष वाचकांनी हेरले असेलच. तो सतरा वर्षांचा होता, ही सबब पुढे करतो.

प्रश्न : कायद्याने एकच नाव ठेवता येते का? पारपत्र, विमानाचे तिकीट यांचे काय होते?

उत्तर : अनेक देशांत ठेवता येते. अमेरिकी गायिका शेर यांच्या नावामागे जन्मदाते, दत्तक पिता आणि दोन विवाह यांमुळे चार आडनावे गोळा झाली होती. १९७८ मध्ये त्यांनी ती सगळी कायदेशीरपणे उतरवून ठेवली. रंगमंचावर मौन पाळणारे जादूगार टेलर यांचे मूळ आडनाव टेलर होते. त्यांनी आडनाव राखून पुढची दोन नावे काढून टाकली आणि त्यांच्या पारपत्रावरही तेवढा एकच शब्द आहे.

अडचण येते ती यंत्रांपाशी. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचावयाच्या दोन ओळी असतात. त्यांतील पहिल्या ओळीत पारपत्राचा प्रकार आणि देश यांच्या खुणांनंतर आधी आडनाव, मग बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हे आणि त्यानंतर व्यक्तिनाम, असा ठरलेला क्रम आहे. नाव एकच असेल तर ते आडनावाच्या जागी बसते आणि उरलेली ओळ त्या बाणांनीच भरून निघते. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या व्यक्तिनामाच्या रकान्यात ‘पहिले नाव अज्ञात’ या अर्थाची तीन अक्षरे, एफएनयू, छापली जातात, आणि पुढे कित्येक कार्यालयांत तेच त्याचे नाव समजले जाते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पारपत्रावर एकच शब्द असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा अनेक भारतीय प्रवाशांची धावपळ झाली होती. ज्या इंडोनेशियाने सुकार्नो आणि सुहार्तो असे दोन एकशब्दी अध्यक्ष पाहिले, तेथेही २०२२ च्या नियमानुसार नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या नावात किमान दोन शब्द असणे आवश्यक ठरले आहे. आधी नोंदलेल्या नावांना मात्र धक्का लावलेला नाही. एखाद्या समाजाची शेकडो वर्षांची रीत अर्जावरील एका रिकाम्या रकान्यापुढे हार खाते, हे आम्हांला खटकते. अर्जाचा नमुना बदलणे त्यामानाने सोपे होते.

प्रश्न : मॅडोना यांचे खरे नाव काय?

उत्तर : मॅडोना. त्यांच्या आईचेही नाव तेच होते. याच धर्तीवर आणखी एका वाचकांनी ब्राझीलच्या फुटबॉल संघाचे माजी कर्णधार सॉक्रेतिस यांचे खरे नाव विचारले आहे. तेही खरेच सॉक्रेतिस, आणि पेशाने डॉक्टर.